फर्नांदिनाला दुसऱ्यांदा

निवृत्तीच्या समारंभात आपल्याला भिंतीवरचं घड्याळ मिळणार, हे ओमेरो येपेस धरूनच चालले होते. सान क्रिस्तोबाल बेटावर निवृत्त होणाऱ्या प्रत्येक मास्तराला घड्याळच मिळतं. ज्या माणसाला आता कुठेच वेळेवर पोचायचं नाही त्याला घड्याळ कशाला देतात, असा प्रश्न त्यांना पूर्वी पडत असे. स्वतःची पाळी जवळ आल्यावर मात्र त्यांनी तो बाजूला ठेवला आणि दिवाणखान्यात खिळा ठोकून घेतला.

समारंभात खोक्याऐवजी पाकीट आलं, तेव्हाच तो खिळा फुकट गेल्याचं त्यांना कळलं.

पाकीट फोडायचा मान नार्सिसा मासाकिसा हिला दिला होता. ओमेरोंनी तिला शाळेत निसर्गविज्ञानात दोनदा नापास केलं होतं. आता ती ‘ला पासियेन्सिया’ या सोळा प्रवाशांच्या छोट्या जहाजावर मुख्य गाइड होती आणि जगभरचे लोक तिच्याकडून निसर्गविज्ञान ऐकायला येत. तिने कागद उघडून माइकवर वाचला. प्रोफे येपेस आणि त्यांच्या पत्नी मारुहा यांना माजी विद्यार्थ्यांकडून सप्रेम भेट: आठ दिवसांची सागरी सफर, इसाबेला बेटाला पश्चिमेकडून वळसा घालून थेट फर्नांदिनापर्यंत.

“प्रोफे,” बेटावर मास्तरांना म्हणतात तसं नार्सिसा म्हणाली, “फर्नांदिना आम्ही तुमच्या तोंडून पाहिलं. तो लाव्हा, तो धूर, तुमचा तो वितळलेला बूट! आता तुम्ही ते बेट पुन्हा एकदा डोळे भरून पाहून या.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. मारुहाने डोळे टिपले. ओमेरो हसले. त्या हसण्याचा फोटो शाळेच्या दालनात अजून लावलेला आहे. जवळ जाऊन पाहिलं तर दाढ उपटून घ्यायला बसलेला माणूस असाच हसतो हे लक्षात येतं.

सगळी गोची ‘पुन्हा एकदा’ या दोन शब्दांत होती.

झालं होतं असं. ओमेरो सत्तावीस वर्षांचे आणि शाळेत नवे असताना चार मास्तरांनी मिळून एक मासेमारीची होडी ठरवली आणि ते फर्नांदिनाचा धुमसणारा ज्वालामुखी पाहायला निघाले. बंदर सोडून तासभर झाला नसेल तोच ओमेरोंना ओकाऱ्या सुरू झाल्या, आणि त्या अशा काही नियमितपणे होत राहिल्या की इतक्या किडकिडीत माणसात एवढा ऐवज मावतो कसा, असं होडीवाल्याने चारचौघांत विचारलं. शेवटी इसाबेलाच्या विलामिल बंदरावर त्यांना उतरवून बाकीचे तिघे पुढे गेले. चार दिवसांनी परत येताना त्यांनी ओमेरोंना उचललं. सोमवारी वर्गात कोणीतरी विचारलं, “प्रोफे, लाव्हा पाहिलात?”

‘नाही’ हा शब्द त्यांच्या ओठांवर आला होता. पण त्या वर्गातली चाळीस मुलं, जी देशाच्या राष्ट्रगीतालाही गप्प राहत नसत, ती त्या क्षणी गप्प बसून त्यांच्याकडे पाहत होती.

“पाहिला,” ओमेरो म्हणाले.

त्यानंतर तो लाव्हा तेहतीस वर्षं वाहत राहिला. दर वर्षी तो थोडा जवळ आला. पाचव्या वर्षी त्याने ओमेरोंच्या उजव्या बुटाचा तळवा वितळवला, आणि तो बूट वर्गात हातोहात फिरू लागला. सोबतच्या तीन मास्तरांपैकी दोघे मुख्य भूमीवर बदलून गेले, एक देवाघरी गेले. ओमेरोंनी तिघांनाही अगदी मनापासून निरोप दिला. होडीत मात्र त्यांनी पुन्हा पाय ठेवला नाही. दुसऱ्या बेटावर जायची वेळ आलीच तर ते छोट्या विमानाने जात आणि विचारणाऱ्याला गुडघ्याचं कारण सांगत. गुडघ्याचा आणि होडीचा संबंध काय, हे विचारण्याइतका आगाऊपणा कोणी केला नाही.

मारुहाने त्यांच्याशी लग्न केलं ते निव्वळ त्या बुटावर भाळून, असं तिची बहीण म्हणत असे. ते पूर्ण खरं नव्हतं, पण ती गोष्ट मारुहा नवऱ्यापेक्षा फर्मास सांगत असे. तिच्या गोष्टीत वासही होता.

आता सफर टाळायची कशी? ओमेरोंची सगळी मदार सरकारी कचेरीवर होती. कायम रहिवाशाचं त्यांचं ओळखपत्र मुदत संपून पडलं होतं आणि त्यावाचून जहाजावर चढता येणार नव्हतं. शेजारणीच्या भावाला हेच ओळखपत्र बदलून घ्यायला नऊ महिने लागले होते. ओमेरो मोठ्या उमेदीने कचेरीत गेले. फोटो नेला नाही. विजेचं बिल चुकून मागच्या वर्षीचं नेलं.

खिडकीपलीकडची बाई उठून उभी राहिली. “प्रोफे! तुम्ही रांगेत? बसा, बसा. कॉफी घेणार?”

“फोटो राहिलाय घरी,” ओमेरो म्हणाले.

“मी काढते ना इथेच.”

“बिल जुनं आहे.”

“तुमचं घर कुठे पळून जातंय का, प्रोफे?”

सात मिनिटांत नवीन ओळखपत्र त्यांच्या हातात पडलं, अजून कोमट होतं. त्या कचेरीच्या दिरंगाईबद्दल ओमेरोंनी आजवर वर्तमानपत्राला चार पत्रं लिहिली होती. त्या दिवशी इतका संताप येऊनही पाचवं लिहायला त्यांना विषय सुचेना.

मग शेजार जागा झाला. सप्टेंबरात समुद्र खवळलेला असतो. म्हणूनच तर जहाजात जागा रिकामी होती. मारुहाने आपल्या जिवाला त्रास होऊ नये म्हणून समोर राहणाऱ्या तार्हेलियाला सल्ला विचारला. तार्हेलियाने स्वतःच्या खात्रीचा उपाय सांगितला: दोन्ही खिशांत एकेक कच्चा बटाटा. नौदलाच्या बँडमध्ये वीस वर्षं तुतारी वाजवून निवृत्त झालेले सेगुन्दो कुंपणावरून म्हणाले, बटाट्याने काही होत नाही, लिंबू हुंगायचं. आपण जहाजावर किती वेळा गेलात, असं तार्हेलियाने विचारल्यावर त्यांनी ‘एकदा’ म्हणून सांगितलं, तेही बंदरात बांधलेलं असताना. आल्याचा तुकडा गालात धरायचा, बेंबीवर चिकटपट्टी लावायची, क्षितिजाकडे बघायचं आणि क्षितिजाकडे अजिबात बघायचं नाही, असेही उपाय पुढे आले.

“प्रोफेंना यातलं काय लागतंय म्हणा!” तार्हेलिया म्हणाली. “लाव्हावरून चालत आलेला माणूस!”

प्रोफे ओसरीवर वर्तमानपत्र धरून बसले होते. वर्तमानपत्राच्या कडेला ते पेन्सिलीने सगळं टिपून घेत होते.

निघायच्या सकाळी धक्क्यावर सामानाची तपासणी झाली. एका बेटावरचं बी-बियाणं दुसऱ्या बेटावर जाऊ नये म्हणून ही तपासणी असते आणि तिचं महत्त्व ओमेरोंनी तेहतीस वर्षं शिकवलं होतं. त्या दिवशीचा तपासनीस नेमका मुख्य भूमीवरून नव्याने आलेला. बेटावर ओमेरोंचा विद्यार्थी नसलेला तो बहुधा एकमेव माणूस असावा. मारुहाच्या पिशवीत बोलोन, म्हणजे केळ्याचे तळलेले गोळे, आणि चीज निघालं. शिजवलेलं आहे, जाऊ दे, असं तो म्हणाला. मग त्याने ओमेरोंना खिसे रिकामे करायला सांगितले.

“हे काय?”

“बटाटे,” ओमेरो म्हणाले.

“ते दिसतंय. कशासाठी?”

“सोबतीला.”

पाठोपाठ पाच लिंबं आणि मातीसकट आल्याचा गड्डा निघाला. मारुहा आ वासून पाहत होती. “ओमेरो, तुझ्या खिशात बटाटे कशाला?”

“वारा फार आहे,” ओमेरो म्हणाले. “जरा वजन असलेलं बरं.”

तपासनिसाने सगळं जप्त करून रीतसर पावती केली: बटाटे दोन, लिंबं पाच, आलं एक गड्डा, वैयक्तिक वापराचे. मागे धक्क्यावरच्या बाकावर एक समुद्रसिंह झोपला होता, त्याने एक डोळा उघडून हा प्रकार पाहिला आणि मिटून घेतला. ओमेरोंकडे आता एकच उपाय शिल्लक राहिला होता आणि तो बेंबीवर असल्यामुळे तपासनिसाला दिसला नाही.

चिकटपट्टीने काही होत नाही, हे विज्ञान म्हणून त्यांनी पहिल्या तासाभरातच सिद्ध केलं.

पहिले दोन दिवस ओमेरो केबिनमध्ये ‘गुडघा धरून’ पडून राहिले. गुडघा दुखल्यावर माणूस बादली का मागवतो, हे जहाजावरच्या कोणी विचारलं नाही. खलाशीही त्यांचेच विद्यार्थी होते. मारुहाला मात्र समुद्र असा मानवला की विचारता सोय नाही. ती तिन्ही त्रिकाळ जेवली, डेकवर उभं राहून तिने देवमासा पाहिला, आणि नवऱ्याचं राहिलेलं जेवणही वाया जाऊ दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी जहाज इसाबेलाच्या पश्चिमेला आडोशाच्या पाण्यात शिरलं आणि ओमेरो भिंतीला धरून जेवणाच्या दालनात आले. तिथे त्यांची गाठ ओल्ग्रेन बाईंशी पडली. या स्वीडनच्या बाई जमिनींच्या नोंदणीखात्यातून निवृत्त झाल्या होत्या आणि दिसेल ते वहीत लिहीत होत्या. नार्सिसाने आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की आमचे गुरुजी फर्नांदिनाच्या उद्रेकाचे प्रत्यक्ष साक्षीदार आहेत. ओल्ग्रेन बाईंनी नवीन पान उघडलं आणि नार्सिसाला दुभाषी म्हणून शेजारी बसवलं.

“लाव्हा आपल्यापासून किती पावलांवर होता?”

“सोळा,” ओमेरो म्हणाले. मुलांनी आकडा कधी विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला त्यांनी पुन्हा विचारलं. ओमेरो बोलून गेले, “वीस.”

ओल्ग्रेन बाईंनी पान मागे उलटलं. “काल सोळा होती.”

“मधल्या काळात मी मागे सरलो,” ओमेरो म्हणाले.

ते बाईंना पटलं. त्यांनी बाणाची खूण करून तसं लिहिलं. मारुहाने अभिमानाने ओमेरोंच्या ताटात आणखी एक अंडं वाढलं, जे त्यांना नको होतं.

पाचव्या दिवशी सकाळी फर्नांदिना आलं.

रबरी होडीतून ते काळ्या खडकावर उतरले. नार्सिसाने नियम सांगितले: वाट सोडायची नाही, प्राण्यांपासून दोन मीटर लांब राहायचं, काही आणायचं नाही, काही ठेवून जायचं नाही. ओमेरोंचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. हे शब्द त्यांचेच होते. पुढे गेल्यावर मात्र त्यांचे ओठ थांबले. थिजलेल्या लाव्ह्याच्या वळ्या जिथवर नजर जाईल तिथवर पसरल्या होत्या, आणि त्यांवर शेकडो समुद्री इग्वाना, हातभर लांबीचे सरडे, एकमेकांच्या अंगावर तंगड्या टाकून ऊन खात पडले होते. ते नाकातून मीठ शिंकरतात, हे ओमेरोंनी तेहतीस वर्षं शिकवलं होतं. पण शेकडो जण एकाच वेळी शिंकरत असले म्हणजे सगळीकडून असा फुस्स फुस्स आवाज येतो, हे त्यांना माहीत नव्हतं. फळ्यावर ते इग्वाना नेहमी हिरव्या खडूने काढत. इथे सगळे खडकासारखे काळे होते. तेहतीस वर्षांचे खडू त्यांच्या डोळ्यांपुढून गेले.

इग्वानांना दोन मीटरचा नियम ठाऊक नव्हता. एक येऊन ओमेरोंच्या डाव्या बुटावर बसला, दुसरा त्याच्यावर. ओमेरो नियम पाळून स्तब्ध उभे राहिले. नेमक्या त्याच वेळी वाऱ्याचा झोत आला आणि त्यांची तोकिया गवताची टोपी डोक्यावरून उडाली. मारुहाने ती त्यांना खास सफरीसाठी घेऊन दिली होती. टोपी गडगडत खडकाच्या टोकापर्यंत गेली आणि एका घरट्याजवळ थांबली.

घरटं न उडणाऱ्या पाणकावळ्याचं होतं. पाणकावळी अंडी उबवत बसली होती. नर नुकताच समुद्रातून बाहेर आला होता. त्याचे पंख म्हणजे कोणीतरी अर्धवट शिवून सोडलेल्या बाह्या. बायकोला देण्यासाठी त्याने चोचीत शेवाळाचा झुपका आणला होता. त्याने टोपी पाहिली. शेवाळ पाहिलं. मग शेवाळ खाली टाकलं, टोपी उचलली आणि बायकोपुढे ठेवली. तिने ती उलटसुलट करून पाहिली, कड चोचीने ओढून स्वतःखाली घेतली आणि वर बसली.

“वा!” ओल्ग्रेन बाई म्हणाल्या आणि लिहू लागल्या.

नार्सिसाचा चेहरा पडला. बेटावर काही ठेवून जाता येत नाही, म्हणजे टोपी उचलायला हवी. घरट्याजवळ जाता येत नाही, म्हणजे टोपी उचलता येत नाही. तिने वायरलेसवर उद्यानाच्या गस्तीच्या होडीला हाक मारली. होडीवर रखवालदार बायरन होता.

“नियमाप्रमाणे वस्तू परत नेणं सक्तीचं आहे,” बायरन म्हणाला.

“घरट्यातून?”

“घरट्याला हात लावायला सक्त मनाई आहे.”

“मग करू काय, बायरन?”

“मी वाचून दाखवतोय, ताई. पुढे काही लिहिलेलं नाही.”

“अरे, टोपी येपेस प्रोफेंची आहे.”

बायरनचा आवाज एकदम खाली आला. “येपेस प्रोफे तिथे आहेत? मग त्यांनाच विचार. हे नियम त्यांनी मला शंभर वेळा लिहायला लावले होते. मी वरच्यांना विचारतो. तोवर कोणी हलू नका.”

हलायचा प्रश्नच नव्हता. ओमेरोंच्या बुटांवर आता चार इग्वाना होते आणि मागच्या वाटेवर आणखी साठ-सत्तर जण येऊन पसरले होते. ऊन तापलं. एक तास गेला. सोळा माणसं काळ्या खडकावर उभी राहून टोपीवर बसलेल्या पक्षिणीकडे पाहत होती. ती त्यांच्यातल्या फक्त ओमेरोंकडे पाहत होती, निदान त्यांना तसं वाटलं.

ओल्ग्रेन बाईंनी पेन्सिलीला टोक केलं. “आपण मागे आलात तेव्हाही हे पक्षी असेच वागत होते का?”

नार्सिसाने प्रश्न सांगितला. ओमेरोंनी तोंड उघडलं. ‘होय’ म्हणायला काय लागत होतं? पण खोटं बोलायला त्यांना वर्गाच्या चार भिंती आणि फळा लागत असे. इथे ते बेट स्वतःच समोर पडलेलं होतं, फुस्स फुस्स करत. शिवाय उत्तर खरोखरच येत नव्हतं, आणि येत नसलेलं उत्तर ठोकून देणाऱ्या मुलांना त्यांनी जन्मभर लाल शाईने झोडपलं होतं.

“नार्सिसा, त्यांना सांग,” ते म्हणाले, “मला माहीत नाही. मी इथे कधीच आलो नव्हतो. आज पहिल्यांदा येतोय. त्या वेळी मी विलामिलला उतरलो होतो, ओकाऱ्या होत होत्या म्हणून.”

मारुहाने मान वळवली.

नार्सिसाची पापणीही लवली नाही. ती ओल्ग्रेन बाईंना इंग्रजीत म्हणाली, “प्रोफे म्हणतात, हुबेहूब असेच वागत होते.”

इंग्रजीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर असताना ओमेरोंनी दोन महिने तो विषय सांभाळला होता. तेवढ्यापुरतं त्यांना समजलं. पायांवर चार इग्वाना घेऊन ते जमेल तेवढे ताठ झाले आणि स्वतःच्या इंग्रजीत म्हणाले, “नाही बाई. मी येणे नाही. आज एक नंबर वेळ. तेव्हा होडी, मग उलटी.” आणि शब्द कमी पडला म्हणून त्यांनी उलटी करून दाखवली. अभिनयच होता, पण पुढचे दोन प्रवासी जरा बाजूला झाले.

ओल्ग्रेन बाईंनी वही मागे उलटली. पिशवीतून पट्टी काढली आणि दोन दिवसांच्या टिपणांवर एकेक करून सरळ रेघ मारली. कुठे काही रागाचं चिन्ह नव्हतं. नोंदणीखात्यात त्यांनी पुष्कळ काही पाहिलं असावं. शेवटी त्यांनी नवीन ओळीवर तारीख घातली आणि मान डोलावली.

“मी सांभाळून घेत होते, प्रोफे,” नार्सिसा हळूच म्हणाली.

“परीक्षेतही तू हेच करायचीस. उत्तर आलं नाही की काहीतरी सुंदर लिहून द्यायचीस. म्हणून तर दोनदा बसवलं तुला.”

“ते मी कुणाच्या तासाला शिकले?” नार्सिसा म्हणाली.

ओमेरोंनी खाली बुटांकडे पाहिलं. बुटांवरचे इग्वाना तेवढ्यात आपणहून उठून गेले.

मारुहा एका खडकावर समुद्राकडे तोंड करून बसली. सत्तावीस वर्षांच्या संसारात ती गप्प बसल्याची ही तिसरी वेळ होती, आणि पहिल्या दोन्ही वेळा ओमेरोंना चांगल्या आठवत होत्या.

अखेर बायरन स्वतः होडीतून आला. वरच्यांनी निर्णय दिला होता. टोपी आता घरट्याचा भाग झालेली असल्यामुळे पिल्लं मोठी होऊन निघून जाईपर्यंत ती तिथेच राहील. मालकाने अर्ज भरून द्यावा. ओमेरोंनी खडकावर कागद ठेवून अर्ज भरला. ‘वस्तू सध्या कोणाच्या ताब्यात’ या रकान्यात त्यांनी ‘पाणकावळी’ असं लिहिलं. ‘परत मिळण्याची अपेक्षित तारीख’ इथे बायरनने सुचवल्यावरून ‘पिल्लांच्या सोयीने’ लिहिलं. बायरनने अर्ज वाचून अदबीने एक शुद्धलेखनाची चूक दाखवली. ती दुरुस्त करताना ओमेरोंचा कान लाल झाला, उन्हानेही असेल.

परतीच्या वाटेवर, दुपारी, जहाज आडोसा सोडून खुल्या समुद्रात आलं आणि ओमेरोंनी बादली जवळ ओढली. मारुहा समोरच्या बिछान्यावर बसली होती. सकाळपासूनचं तिचं पहिलं वाक्य आलं.

“बिशपना सांगितली मी ती गोष्ट.”

“कधी?” ओमेरो बादलीतून म्हणाले.

“दोनदा. आले तेव्हा आणि गेले तेव्हा. जन्मात कुणाला खोटं सांगितलं नाही मी, आणि सांगितलं ते थेट बिशपना. त्यांनी त्या बुटाला आशीर्वाद दिलाय, ओमेरो.” ती थांबली. “बूट कसा वितळला?”

“आईच्या चुलीवर धरला होता.”

“कडेचं कातडं कसं जळलं नाही मग?”

“ओलं फडकं गुंडाळलं होतं.”

एवढ्या मेहनतीचं कौतुक करावं की नाही, हे तिला ठरवता येईना. मग जहाज एका बाजूला कललं, ओमेरोंची बादली निसटली आणि मारुहाने ती पायाने अडवली. ती उठून त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि तिने त्यांचं कपाळ धरलं. रागावलेल्या माणसाने धरावं तसंच, घट्ट.

“विलामिलला चार दिवस काय करत होतास?”

“एका खानावळीच्या मागच्या अंगणात झोळीत पडून होतो.”

“कुणाची खानावळ?”

“एका बाईची.”

मारुहाचा हात कपाळावरच थांबला.

“पंच्याहत्तरची असेल,” ओमेरो घाईने म्हणाले. “मला भाताची पेज पाजायची. आणि मी रडत होतो, मारुहा. पोटासाठी नाही. बाकीचे पुढे गेले म्हणून. ती म्हणाली, पोरा, ते बेट कुठे जात नाही. मला वाटलं, पुढच्या वर्षी जाऊच. मग ते सोमवारचं झालं, आणि जायची सोयच राहिली नाही. जो एकदा जाऊन आलाय तो परत कशाला जाईल?”

मारुहाने त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला. जहाज वर गेलं, खाली आलं.

“ही गोष्ट बाहेर कुणाला सांगू नकोस,” ती म्हणाली. “ही आपल्यातच राहू दे.”

“का?”

“ही माझी,” ती म्हणाली, आणि बादली रिकामी करायला घेऊन गेली.

सान क्रिस्तोबालला उतरल्यावर ओमेरो दोन दिवस जमीन हलते म्हणून खुर्चीत बसून होते. त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं, की आता सगळ्यांना खरं काय ते सांगून टाकायचं. रविवारी दुपारी तार्हेलियाने अंगणात मोठं पातेलंभर, लिंबाच्या रसात मुरवलेल्या कोळंबीचं सेविचे केलं आणि सगळी गल्ली जमली. ओमेरोंनी घसा साफ केला.

“तार्हेलिया, मला एक सांगायचंय. तो जो लाव्हा—”

मेजाखाली मारुहाची टाच त्यांच्या पायावर पडली. “लाव्हाचं राहू दे आता,” ती म्हणाली. “टोपीचं ऐका! असा वारा सुटलेला, आणि आभाळातून हा एवढा मोठा पक्षी खाली झेपावला—”

“तो उडत नाही, मारुहा,” ओमेरो म्हणाले. “त्याला उडताच येत नाही. पंख एवढे एवढेसे असतात.”

“मध्ये बोलू नका हो, प्रोफे,” तार्हेलिया म्हणाली. “मग?”

“मग त्याने थेट डोक्यावरून टोपी उचलली. पंजात!”

“वाऱ्याने पडली होती. आणि चोचीत,” ओमेरो म्हणाले. “बदकाएवढा असतो तो. मी स्वतः तिथे होतो.”

“प्रोफे,” सेगुन्दो त्यांच्या खांद्यावर हात ठेवून समजुतीने म्हणाले, “तुम्ही एवढा लाव्हा पाहिलेला माणूस. एका पक्ष्याचं काय घेऊन बसलात? सांगू द्या ना तिला. तिने पहिल्यांदाच पाहिलंय.”

ओमेरोंनी मारुहाकडे पाहिलं. ती हात पसरून पंखांची लांबी दाखवत होती. एका बाजूला सेगुन्दोंची खुर्ची आड येत होती म्हणून त्यांना जरा सरकायला सांगत होती. सेगुन्दो सरकले. पक्षी टोपी घेऊन ज्वालामुखीच्या तोंडावरून एक घिरटी घालून आला, तार्हेलियाने छातीवर क्रूस केला, आणि ओमेरो येपेस यांनी सेविचेवर लिंबू पिळून, तो नेमका कुठे उतरतो हे ऐकायला, खुर्ची थोडी पुढे ओढली.